मीठ, गंज आणि टाका

लोखंडाचं आणि मिठाचं वैर कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, दाराची कडी, खारा वारा काहीच सोडत नाही. पण मी राहतो त्या मिशिगनमधून समुद्र शेकडो मैल लांब आहे, आणि तरीही इथल्या गाड्या गंजूनच मरतात! कारण हे मीठ माणसानेच रस्त्यावर आणून ओतलंय.

बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली केला, आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यापासून तो राज्याचा शिरस्ता झाला. महायुद्धानंतर महामार्ग वाढले आणि भर हिवाळ्यातही काळाभोर, कोरडा रस्ता हवा ही लोकांची सवय झाली. आज या देशात वर्षाला सुमारे २ कोटी टन मीठ रस्त्यांवर पडतं. गंमत म्हणजे डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे ११०० फुटांवर, मिठाची मोठी खाण आहे. वर गाड्या बनवणारं शहर आणि खाली गाड्या खाणारं मीठ!

हे खारं पाणी चॅसीच्या चॅनेलमध्ये चिखलाबरोबर साचतं आणि लोखंड आतून खात जातं. बाहेरचा रंग मात्र शाबूत. आमच्या अठरा वर्षांच्या पिकअपचं तेच झालं. शेजारचे आजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले वेल्डर. त्यांनी खाली सरपटत जाऊन हातोडीने सगळी चॅसी ठोकून पाहिली. ठण, ठण, ठण... आणि केबिनच्या मागे डाव्या बाजूला एके ठिकाणी 'ढप्प'. तळहाताएवढा पत्रा भुसभुशीत होऊन गळून पडला.

हा ट्रक घेऊन मुलगा कामाला जाणार होता. आमच्या राज्यात गाड्यांची दरवर्षी तपासणी होत नाही. म्हणजे ट्रक रस्त्यावर आणायचा की भंगारात द्यायचा, हे ठरवणारे आम्हीच. भारतातून ताईचा फोन: "अरे, वेल्डिंगचा काय भरवसा? नवीन घे सरळ."

ताईचा प्रश्न जुनाच आहे. विजेच्या ठिणगीने लोखंड जोडायची युक्ती बेनार्दोस आणि ओल्शेव्स्की यांनी १८८० च्या दशकात पेटंट केली. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी जहाजांचे बॉयलर दुरुस्त करता करता लेप दिलेला रॉड शोधला. पण लोकांचा विश्वास रिव्हेटवर. १९२१ साली मिलवॉकीत ए. ओ. स्मिथ कंपनीने चॅसी बनवणारा स्वयंचलित कारखाना उभारला. दिवसाला १०,००० चॅसी निघायच्या, पण त्या रिव्हेट ठोकून जोडलेल्या.

वेल्डिंगने नाव कमावलं ते दुरुस्तीत. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांची इंजिनं त्यांच्याच खलाशांनी फोडून ठेवली होती. बिडाचे सिलिंडर नवे ओतायचे तर खूप वेळ गेला असता. ते जागेवरच वेल्ड केले, आणि काही महिन्यांत तीच जहाजं अमेरिकन सैनिकांना घेऊन फ्रान्सला निघाली.

आणि मग १६ जानेवारी १९४३. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेलं 'शेनेक्टडी' हे नवंकोरं टँकर जहाज जवळजवळ दुभंगलं. युद्धात घाईने बांधलेल्या लिबर्टी जहाजांनाही तडे जात होते. दोष सगळा वेल्डरवर आला. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की ते पोलाद थंडीत ठिसूळ होत होतं. शिवाय झाकणांच्या चौकोनी कोपऱ्यांत ताण साठायचा. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेपाशी थांबतो. वेल्ड केलेलं जहाज म्हणजे एकच सलग पत्रा, तडा धावतच सुटतो.

हे वाचल्यावर आजोबांच्या प्रत्येक सूचनेचा अर्थ लागला. गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा. पत्रा पातळ झालेला सगळा भाग कापून टाकायचा, कारण गंजावर टाका धरतच नाही. भोकाचे कोपरे गोल करायचे. वरची पट्टी चांगल्या लोखंडावर बरीच पुढे न्यायची आणि तिची टोकं तिरपी कापायची, म्हणजे सगळा जोड चॅसीच्या एकाच छेदावर येत नाही. आणि टाके एका दमात मारायचे नाहीत, थोडे इथे, थोडे तिथे. बॅटरी सोडली, ब्रेकच्या नळ्या बाजूला बांधल्या, अग्निशामक जवळ ठेवला. घासायचं मी, जोडायचं त्यांनी, असे दोन शनिवार गेले. शेवटी आत पातळ मेण फवारलं.

भोक स्टिअरिंगच्या खोक्यापाशी असतं तर आजोबा हात लावणार नव्हते. "तिथे मी माझ्या नातवाला बसवलं नसतं," असं ते स्पष्ट म्हणाले. मला त्यांच्या टाक्यांपेक्षा या वाक्याने जास्त धीर दिला.

असो. किल्ली मुलाला दिली. बरोबर एक हातोडीही दिली आहे. दर वसंतात गाडी खालून धुवायची आणि एकदा ठोकून ऐकायचं. ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सध्या एवढंच आहे.