सोयाबीनचा पेरा आणि दिनमान

सोयाबीनचा पेरा लांबला की उत्पन्न घटते, हा अनुभव जुना असला, तरी त्यामागे दिवसाच्या लांबीचा हात आहे, हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरीस उलगडले. अमेरिकी कृषी खात्यातील वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलार्ड यांना व्हर्जिनियातील आर्लिंग्टन प्रक्षेत्रावर असे आढळले, की ‘बिलॉक्सी’ हे गरवे वाण मे ते जुलै या काळात टप्प्याटप्प्याने पेरले, तरी सर्व पेऱ्यांना फुले सप्टेंबरच्या सुमारासच येतात; म्हणजे मागास झाड वाढीचे दिवस गमावून आगाप झाडाला गाठते. इतर कारणांनी याचा उलगडा होईना, तेव्हा १९१८ च्या जुलैत त्यांनी सोयाबीन व ‘मेरीलँड मॅमथ’ तंबाखू यांची झाडे रोज काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवून दिवस आखूड केला आणि ती लवकर फुलोऱ्यावर आली. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने दिनमानानुसार फुलण्याच्या या गुणाला, म्हणजे दीप्तिकालितेला, शास्त्रात स्थान दिले. या शोधाच्या हकिगतीत तंबाखूच अधिक गाजली. वास्तविक तारखा बदलून केलेल्या त्या साध्या पेऱ्यांना तितकाच मान मिळायला हवा.

सोयाबीन ही लघुदिन वनस्पती, म्हणजे दिवस आखडू लागले की फुलणारी. त्यामुळे उशिरा पेरलेल्या झाडाला फांद्या आणि पाने धरण्यापूर्वीच फुले लागतात व शेंगांची संख्या रोडावते.

१९७० नंतर माळव्यात, आणि पुढे विदर्भ-मराठवाड्यात, हे पीक पसरले तेव्हा या नियमाला पावसाची जोड मिळाली. माळव्याच्या काळ्या जमिनी पूर्वी खरिपात बऱ्याच पड राहत आणि साठलेल्या ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घेतला जाई. सोयाबीनला त्या मधल्या काळातच उरकावे लागले, म्हणून सुमारे शंभर दिवसांत येणारे ‘जे. एस. ३३५’ हे जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे वाण सर्वत्र रुजले. मृगात धूळवाफेवर पेरल्यास उघडीप पडून दुबार पेरणीचे संकट ओढवते, तर जुलैच्या मध्यापर्यंत थांबल्यास झाड खुजे राहते आणि दाणा भरताना ओल सरते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावर विलंब न लावता पेरण्याची शिफारस केली जाते. हा सल्ला योग्यच आहे, परंतु पाऊसच उशिरा आला तर तो पाळणे शेतकऱ्याच्या हाती राहत नाही. अशा वर्षी ४५ सेंटिमीटरऐवजी ३० सेंटिमीटर अंतरावर, थोडे जास्त बियाणे वापरून पेरले जाते, कारण खुज्या झाडांनी रुंद ओळी झाकल्या जात नाहीत.