बाटली नवी, दार तेच



चिरनेर म्हटलं की लोकांना १९३० चा जंगल सत्याग्रह आठवतो. आज मात्र दुसराच इतिहास सांगतो, आपल्या पंपातल्या औषधाचा. (विषाला आपण औषध म्हणतो, हेही एक आश्चर्यच.) गेल्या पावसाळ्यात माझ्या खाचरात तुडतुडे लागले, भात गोल गोल करपलं. दोनदा फवारलं, काही फरक नाही. दुकानदार म्हणाला, डोस वाढवा. मी म्हटलं, आधी समजून तर घेऊ.

सुरुवात डीडीटीची. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना कळलं की ही पावडर किडे मारते. १९४८ ला त्यांना नोबेल मिळालं. ती किड्याच्या पोटात जायचीही गरज नाही. फवारलेल्या भिंतीवर डास नुसता बसला तरी पायातून आत शिरते. मज्जातंतूत सोडियमचं एक दार असतं, ते क्षणभर उघडून लगेच मिटायला हवं. डीडीटी ते मिटूच देत नाही. किडा थरथरत थरथरत मरतो.

१९५३ पासून देशात हिवतापासाठी घराघरांच्या भिंती फवारल्या गेल्या. १९६५ पर्यंत वर्षाचे रुग्ण लाखाच्या आसपास आले. १९७६ ला परत ६४ लाख! कामात ढिलाई आली हे खरंच, पण डासही दाद देईनासे झाले होते. डीडीटी आपल्या जवळच, रसायनीच्या सरकारी कारखान्यातही बनायचं. म्हणजे ही गोष्ट काही लांबची नाही.

आपण म्हणतो, किड्याला सवय झाली. सवय नाही हो. हजारात एखाद्याचं ते दार जन्मतःच जरा वेगळं असतं, किंवा त्याच्या अंगात विष मोडायची ताकद जास्त असते. बाकीचे मेले की पुढची पिढी त्याचीच. डोस वाढवला की ही निवड आणखी कडक होते.

शेतीत डीडीटी १९८९ ला बंद झालं, बीएचसीची भुकटी १९९७ ला. त्यांच्या जागी बाकीच्यांबरोबर सिंथेटिक पायरेथ्रॉइडही आले. आणि गंमत बघा, पायरेथ्रॉइडही तेच सोडियमचं दार धरून ठेवतं. माझ्या दोन्ही फवारण्या त्याच गटातल्या निघाल्या, फक्त बाटल्यांची नावं वेगळी. वर त्यांनी बांधावरचे, चुडातले कोळी मारले, जे तुडतुडे खातात. इंडोनेशियाने तर याच त्रासापायी १९८६ ला भातावरची ५७ कीटकनाशकं एका फटक्यात बंद केली होती.

बाकी चुका माझ्याच. तुडतुडे बसतात बुंध्याशी, पाण्याच्या वर चार बोटं. मी फवारत होतो वरून पानांवर. दुसऱ्या वेळी तर तासाभरात पाऊस आला, सगळं धुऊन खाचरात. स्पर्शाने मारणारं औषध किड्याला लागलंच नाही, तर ते कितीही भारी असून काय उपयोग?

यंदा आधी खाचरातलं पाणी काढलं. दर आठवड्याला चूड फाकवून बुंधा बघतोय. काल वीस चूड पाहिले. एका चुडाला जास्तीत जास्त तीन तुडतुडे होते आणि कोळी जवळजवळ सगळीकडे. पंप अजून खोपीतच आहे.