तेलगळतीवर उतारा टाकाऊ पदार्थांतून : जैव-पृष्ठक्रियाकारके म्हणजे काय?

चेन्नईजवळील एन्नोर बंदराबाहेर २८ जानेवारी २०१७ रोजी दोन जहाजांची टक्कर होऊन सांडलेले जड इंधन तेल किनाऱ्यावरील खडकांना चिकटले. ते उपसण्यासाठी कर्मचारी व स्वयंसेवकांना बादल्या हाती घ्याव्या लागल्या. मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांच्या टकरीनंतर तेल खारफुटीपर्यंत पोहोचले होते. खडक, वाळू व चिखलात रुतलेले असे तेल सोडवण्यासाठी सूक्ष्मजीवनिर्मित जैव-पृष्ठक्रियाकारकांचा पर्याय अभ्यासला जात आहे.

कार्यपद्धती

पृष्ठक्रियाकारकाच्या, म्हणजेच सर्फॅक्टंटच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढले जाते. साबणही याच तत्त्वावर काम करतो. ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ या जिवाणूपासून मिळणारे ऱ्हॅम्नोलिपिड पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे ७२ मिलिन्यूटनवरून सुमारे ३० पर्यंत उतरवते. त्यामुळे तेल खडकापासून सुटते, त्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि तेलभक्षी जिवाणूंचे काम सुकर होते.

कच्चा माल

हे सूक्ष्मजीव वाढवण्यासाठी साखर कारखान्यातील मळी, तळणाचे वापरलेले तेल, पनीर करताना उरणारी निवळी आदींचा उपयोग करता येतो. शुद्ध साखर वा तेलाच्या तुलनेत हा माल स्वस्त असून त्याच्या विल्हेवाटीचा प्रश्नही काही अंशी सुटतो.

अनुभव

अलास्कात १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून सांडलेल्या तेलाने माखलेल्या खडीवर सूक्ष्मजीवनिर्मित पृष्ठक्रियाकारकाची चाचणी झाली. नुसत्या पाण्यापेक्षा त्याने अधिक तेल निघाल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे. मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये मात्र सुमारे ७० लाख लिटर रासायनिक विखुरके वापरली गेली आणि सागरी जीवांवरील त्यांच्या परिणामांवरून वाद झाला. जैव-पृष्ठक्रियाकारके सामान्यतः कमी विषारी असून निसर्गात लवकर विघटित होतात.

मर्यादा

कच्चा माल स्वस्त असला तरी शुद्धीकरण खर्चिक आहे. उत्पादनावेळी टाकीत फेस दाटतो. शिवाय स्यूडोमोनास दुर्बल रुग्णांमध्ये संसर्ग घडवू शकतो, त्यामुळे उत्पादन जिवाणूविरहित करणे आवश्यक ठरते. मुख्य म्हणजे, विखुरलेले तेल नाहीसे होत नाही. विघटन होईपर्यंत ते पाण्यातच राहते व जीवांच्या शरीरात शिरू शकते. म्हणूनच तरंगते अडथळे लावून तेल अडवणे आणि यंत्राने उपसणे हाच पहिला उपाय असून, जैव-पृष्ठक्रियाकारकांचे स्थान त्यानंतरचे आहे.