बाण कोणाकडे?

गेल्या हिवाळ्यात माझी आठ वर्षांची नात शाळेतून एक कागद घेऊन आली. इंग्लंडमध्ये चौथीच्या विज्ञानात अन्नसाखळी असते. गवत, ससा आणि कोल्हा अशी तीन चित्रे होती, मुलांनी फक्त बाण काढायचे होते. तिने कोल्ह्याकडून सशाकडे आणि सशाकडून गवताकडे बाण काढले. "कोल्हा सशाला खातो ना आजोबा, मग बाण त्याच्याकडूनच निघणार!" तर्क बिनतोड होता, पण उत्तर चुकले होते. बाण नेहमी खाणाऱ्याकडे जातो. कोण कोणावर झडप घालतो हे तो सांगत नाही. अन्नातली ऊर्जा कुठे गेली ते सांगतो. हे तिला समजावता समजावता मलाच प्रश्न पडला, हे बाण आले कुठून?

उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. चार्ल्स एल्टन हे नाव आपल्यापैकी जीवशास्त्र शिकलेल्यांना आठवत असेल. १९२१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाची मोहीम उत्तर ध्रुवाकडच्या स्पिट्सबर्गेनला निघाली. ज्यूलियन हक्स्ली यांनी तिच्यात २१ वर्षांच्या एल्टनला बरोबर घेतले. मोहिमेने बेअर आयलंड नावाच्या उजाड बेटाचाही अभ्यास केला. तिथे झाडे नाहीत आणि प्राण्यांच्या जातीही मोजक्याच, त्यामुळे कोण काय खातो हे एका माणसाच्या आवाक्यात येण्यासारखे होते. आपल्या सह्याद्रीत गेला असता तर बिचारा पहिल्याच ओढ्यापाशी अडकला असता!

एल्टन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ समरहेज यांनी १९२३ मध्ये या बेटांवर लेख लिहिला. त्यातले बेअर आयलंडचे चित्र आजही डोळे भरून पाहावे असे आहे. समुद्रातले जीव समुद्रपक्षी खातात. पक्ष्यांची विष्ठा कड्यांखालच्या जमिनीवर पडते, तिच्यावर शेवाळ आणि इतर वनस्पती वाढतात, त्यांच्यावर किडे, किड्यांवर कोळी आणि छोटे पक्षी. ध्रुवीय कोल्हा पक्ष्यांवर जगतो, आणि हिवाळ्यात अस्वलाने टाकलेल्या सीलच्या उष्ट्यावरही. अशी जाळ्यांची चित्रे त्याआधीही निघाली होती. कामेरानो या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाने १८८० मध्येच तसे एक काढले होते. पण या चित्रातली गंमत निराळी. त्यातले बाण नायट्रोजनचा प्रवास दाखवतात, आणि म्हणून ते कोल्ह्यापाशी थांबत नाहीत. विष्ठा आणि जिवाणू यांनाही चित्रात कोल्ह्याइतकीच मानाची जागा आहे.

एल्टनचे 'ॲनिमल इकॉलॉजी' हे पुस्तक १९२७ मध्ये आले. त्यात त्याने एकेका धाग्याला 'फूड चेन' म्हटले आणि सगळ्या जाळ्याला 'फूड सायकल', म्हणजे अन्नचक्र. पुढे १९३५ मध्ये टान्सली यांनी 'इकोसिस्टिम' हा शब्द छापला आणि माती, पाणी, हवा यांनाही कुटुंबात घेतले. आपण त्याला परिसंस्था म्हणतो.

मग बाणाचा अर्थ बदलला. अमेरिकेत मिनेसोटाच्या एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून रेमंड लिंडेमन या तरुणाने हा सगळा व्यवहार ऊर्जेच्या हिशेबात मांडला. त्याचा लेख आधी नाकारला गेला होता. तो १९४२ मध्ये छापून आला, पण त्याच वर्षी, छापील अंक हाती येण्याआधीच, अवघ्या २६ वर्षांचा असताना लिंडेमन वारला. ऊर्जा परत फिरत नाही. प्रत्येक पायरीवर तिचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. म्हणून तिचा बाण एकाच दिशेने जातो. नातीच्या कागदावरचा बाण हा असा ऊर्जेचा. पण लिंडेमनच्या आकृतीतही मधोमध तळ्याचा गाळ होता, जिवाणूंनी भरलेला!

शाळेने बाण घेतला आणि गाळ सोडून दिला. इंग्लंडच्या २०१४ पासूनच्या अभ्यासक्रमात चौथीच्या मुलांनी उत्पादक, भक्षक आणि भक्ष्य ओळखायचे असतात. अन्नजाळे येते ते माध्यमिक शाळेत. लहान मुलांना एवढे झेपणार नाही, हे मला पटत नाही. मेलेल्या पक्ष्याभोवती सर्वांत आधी गोळा होतात ती मुलेच.

म्हणून मी तिला गिधाडांची गोष्ट सांगितली. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेला बैल टाकला की दुसऱ्या दिवशी नुसती हाडे उरत. आम्हाला गिधाडांची किळस यायची आणि नजरही हटायची नाही. १९९०च्या दशकात ती भारतभर नाहीशी होऊ लागली. मुंबईच्या दख्म्यावरही ती येईनाशी झाली आणि पारशी समाजापुढे पेच उभा राहिला. कारण २००४ मध्ये उघड झाले: गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक. ते शवात उरते आणि खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी करते. शंभरातल्या एकाहून कमी शवांत ते असले तरी गिधाडांची संख्या कोसळायला पुरे. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याचे उत्पादन बंद केले, पण तोवर तीन जातींतली बहुतेक गिधाडे गेली होती. शवे सडत राहिली, पाणी नासले, भटकी कुत्री वाढली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली.

आकडा तिच्या डोक्यावरून गेला. पण ती बराच वेळ कागदाकडे पाहत होती. मग म्हणाली, "पण आजोबा, माझा कोल्हा मेल्यावर त्याला कोण खातं?"

इथे गिधाडे नाहीत. आम्ही कावळे, माश्यांच्या अळ्या, शव पुरणारे भुंगे, बुरशी आणि जिवाणू काढले. जिवाणूंपासून मातीकडे आणि मातीकडून गवताकडे बाण निघाला तेव्हा मी तिला सांगितले की हा बाण ऊर्जेचा नव्हे, त्याला दुसरा रंग दे. तिने तपकिरी खडू घेतला. कागद पुरेना, तेव्हा मागच्या बाजूने दुसरा चिकटवला आणि तसाच घडी घालून दप्तरात ठेवला.