केव्हा हात लावू नये: कंट्रोल चार्टची कुळकथा

व्यवस्थापकाचं काम निर्णय घेण्याचं आणि निर्णय म्हणजे काहीतरी करणं, असं आपण धरून चालतो. महिन्याच्या विक्रीचा आकडा खाली आला की बैठक बोलवायची, नापास मालाचं प्रमाण वाढलं की फोरमनला जाब विचारायचा, एखाद्या शाखेने बाजी मारली की तिच्या प्रमुखाचा सत्कार करायचा. यातल्या प्रत्येक कृतीच्या आधी एक प्रश्न यायला हवा आणि बहुतेक वेळा तो येतच नाही: आकडा बदलला हे दिसलं, पण त्याच्या मागे खरोखर काही बदललं आहे का? या प्रश्नाचं उत्तर कागदावर शोधणारं साधन १९२४ मध्ये अमेरिकेत जन्माला आलं. त्याचं नाव कंट्रोल चार्ट. आज तो कारखान्यात गुणवत्ता विभागाच्या फळ्यावर टाचलेला असतो, संख्याशास्त्राच्या पेपरात पाच-दहा गुणांना येतो, आणि व्यवस्थापनाच्या चर्चेत त्याचं नाव क्वचितच निघतं. ही त्याची फार मोठी उपेक्षा आहे असं मला वाटतं. तो निर्णयाचं साधन म्हणूनच घडवला गेला आणि तो जे सांगतो त्यातलं निम्मं यंत्रावरच्या माणसापेक्षा त्याच्या साहेबाला उद्देशून आहे. त्याचं कूळ आणि मूळ तपासलं की हे लक्षात येतं.

अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या जाळ्याला लागणारी उपकरणं वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी बनवत असे. शिकागोजवळचा तिचा हॉथॉर्न कारखाना हे त्या काळी एक गावच होतं. टेलिफोनच्या साहित्याची एक अडचण वेगळी होती. संदेश दूरवर पोहोचवणारे अँप्लिफायर आणि इतर बरीच सामग्री जमिनीखाली पुरलेली असे. दुकानातून नेलेला पंखा बिघडला तर गिऱ्हाईक तो परत आणून देतं. इथे बिघाड झाला की रस्ता खणावा लागे. त्यामुळे शेवटी तपासून वाईट माल बाजूला काढणं पुरेसं नव्हतं, माल मुळातच एकसारखा निघायला हवा होता. त्यासाठी अभियंते झटत होते, आणि त्यांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट येत होती: चूक दिसली की लगेच यंत्राची सेटिंग बदलायची, अशा तत्परतेने मालातली तफावत घटण्याऐवजी वाढत होती. तपासणी अभियांत्रिकी विभागात वॉल्टर शूहार्ट नावाचा भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला ३३ वर्षांचा संशोधक होता. १६ मे १९२४ रोजी त्याने आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना एक टिपण दिलं. एडवर्ड्स यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार ते जेमतेम एका पानाचं होतं आणि पानाचा सुमारे तिसरा हिस्सा एका साध्या आकृतीने व्यापला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस हॉथॉर्नमध्ये दिव्यांच्या उजेडाचे ते प्रसिद्ध प्रयोग सुरू झाले, ज्यांतून ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव पुढे आलं. व्यवस्थापनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते प्रयोग पाठ असतात. हे एक पान त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

या पानाला पूर्वज होते. सुटे भाग एकमेकांच्या जागी बसले पाहिजेत ही कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदुकांच्या निर्मितीत रुजली. दोन भाग अगदी तंतोतंत सारखे होत नाहीत हे मान्य केल्यावर एकोणिसाव्या शतकात टॉलरन्स आला, म्हणजे ड्रॉइंगवर लिहिलेली कमाल आणि किमान मर्यादा, आणि तिच्या पाठोपाठ आजही आपल्या वर्कशॉपमध्ये वापरात असलेला गो-नोगो गेज आला. गेज एका वेळी एकच नग पाहतो आणि पास की नापास एवढंच सांगतो. कालच्या नगाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. टॉलरन्स ठरवतो तो डिझाइनर, त्याला काय हवं आहे त्यावरून. शूहार्टच्या आकृतीत काळ आला. आडव्या अक्षावर वेळेचा क्रम, उभ्या अक्षावर मोजमाप, मध्ये सरासरीची रेघ, वर आणि खाली एकेक मर्यादारेषा. या मर्यादा डिझाइनरच्या इच्छेतून येत नाहीत. त्या प्रक्रियेने आजवर जे करून दाखवलं त्या आकड्यांतूनच मोजून काढल्या जातात. टॉलरन्स अपेक्षा सांगतो, चार्ट प्रक्रियेची ऐपत सांगतो. हा फरक न कळल्याने आजही असंख्य ठिकाणी चार्टवर टार्गेटची रेघ ओढून तिलाच मर्यादा मानलं जातं, आणि मग त्या कागदाचा उपयोग फक्त दटावण्यापुरता उरतो.

१९३१ साली शूहार्टने आपला विचार ग्रंथरूपाने मांडला तेव्हा त्याने एक सोपा प्रयोग सांगितला. कागदावर इंग्रजी ‘ए’ हे अक्षर काढा, आणि मग तसंच दुसरं, तिसरं काढत राहा. हात तोच, लेखणी तीच, मन लावून काढलं तरी दोन अक्षरं हुबेहूब सारखी येणार नाहीत. त्यांच्यातल्या फरकामागे असंख्य बारीक कारणं असतात. त्यांतलं एकेक हुडकून काढण्यात अर्थ नसतो. पण कोणी कोपराला धक्का दिला तर अक्षर वेडंवाकडं उमटतं आणि त्याचं कारण बोट दाखवून सांगता येतं. प्रत्येक प्रक्रियेतले चढउतार अशा दोन कुळांतले असतात, काही प्रक्रियेच्या अंगचेच आणि काही बाहेरून घुसलेले, आणि दोघांवरचा इलाज वेगळा असतो. म्हणून निर्णय घेणाऱ्याच्या हातून चुकाही दोन प्रकारच्या होतात. अंगच्या चढउताराला बाहेरचं कारण समजून तो मागे धावतो, किंवा बाहेरचं कारण घुसलेलं असताना ‘चालायचंच’ म्हणून स्वस्थ बसतो. एक चूक पूर्ण टाळायची ठरवली की दुसरी बोकाळते. शूहार्टचं मोठेपण मला यात दिसतं की त्याने या पेचाला खर्चाचा प्रश्न मानलं. ग्रंथाच्या नावातच त्याने आर्थिक नियंत्रणाचा उल्लेख केला. दोन्ही चुकांचा मिळून भुर्दंड परवडण्याजोगा राहील अशा जागी रेघ ओढायची, आणि अनुभवाने ती जागा सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवर ठरली; प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप.

तीनच का, दोन का नाहीत? आकडे घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राप्रमाणे पसरलेले असतील तर काहीही बिघडलेलं नसताना दोन विचलनांपलीकडे बिंदू जाण्याची शक्यता साधारण २२ मध्ये एक असते, तीनपलीकडे जाण्याची सुमारे ३७० मध्ये एक. एखादा अधिकारी दर महिन्याला वीस-बावीस निर्देशांक पाहत असेल आणि दोन विचलनांची रेघ धरत असेल, तर सरासरीने दर महिन्याला एक खोटी हाकाटी त्याच्या टेबलावर येणार. प्रत्यक्षात बहुतेक कचेऱ्यांत दोन विचलनांचीही रेघ नसते; गेल्या महिन्यापेक्षा कमी म्हणजे वाईट आणि जास्त म्हणजे चांगलं, एवढाच निकष असतो, आणि त्यात जवळजवळ प्रत्येक आकडा हाकाटी ठरतो. आकडे नेहमीच असे घंटेसारखे कुठे असतात, ही शंका रास्त आहे. पण पसरण्याचा आकार कुठलाही असला तरी किमान ८९ टक्के आकडे सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन विचलनांच्या आतच असतात, हे चेबिशेव्हच्या गणिती नियमाने सिद्ध आहे, आणि व्यवहारातल्या बहुतेक आकड्यांच्या बाबतीत हे प्रमाण त्याहून बरंच वर जातं.

उगाच हात लावल्याने नुकसान किती होतं तेही मोजता येतं, आणि ते मोजलं की पहिल्या चुकीकडे ‘निदान काही केलं तरी’ म्हणून मायेने पाहता येत नाही. समजा, एका लेथवर शाफ्ट बनत आहेत. व्यासाची सरासरी नेमकी आहे, मात्र प्रत्येक नग थोडा इकडेतिकडे होतो. ऑपरेटर प्रामाणिक आहे: नग जितका जाड आला तितकी सेटिंग तो कमी करतो, बारीक आला तर तितकीच वाढवतो. आता पुढच्या नगात त्याचा स्वतःचा चढउतार तर येतोच, शिवाय मागच्या नगाचा चढउतार उलटा होऊन त्यात मिसळतो. प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, दुप्पट होतं आणि व्यासातली तफावत सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते. ऑपरेटरने काहीच केलं नसतं तर माल अधिक चांगला निघाला असता. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांना जे कोडं पडलं होतं त्याच्या मुळाशी हेच गणित आहे. लेथच्या जागी विक्री विभाग ठेवा आणि सेटिंगच्या जागी दर महिन्याला बदलणारी टार्गेटं, सवलती आणि बदल्या ठेवा. गणित बदलत नाही.

मग ही चूक करणाऱ्याला ती कळत का नाही? डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञाने इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा एक अनुभव नोंदवला आहे. उत्तम कसरत केलेल्या वैमानिकाची स्तुती केली की पुढची कसरत खालावते आणि वाईट करणाऱ्याला झापलं की सुधारते, अशी त्या प्रशिक्षकांची पक्की खात्री होती. निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकीचा. अतिशय चांगल्या किंवा वाईट कामगिरीनंतरची कामगिरी सहसा सरासरीकडे झुकतेच, कोणी काही बोलो वा न बोलो. म्हणजे रागावणाऱ्याला दर वेळी आपल्या रागाचा पुरावा मिळत जातो. अनुभवाने शहाणपण येतं हे अशा ठिकाणी खरं ठरत नाही. इथे अनुभव चुकीचीच गोष्ट घट्ट करतो. वीस वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाला कागदावरच्या दोन रेघांची गरज पडते ती यासाठी.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा, की हे आळशी साहेबाला आयतं निमित्त आहे. आकडा रेघांच्या आत आहे, मला काही करायचं नाही, असं म्हणून तो मोकळा होईल. चार्ट वरवर वाचला तर हे घडू शकतं. पण बिंदू रेघांच्या आत आहेत याचा अर्थ प्रक्रिया स्थिर आहे एवढाच. ती चांगली आहे असं चार्ट म्हणत नाही. दर महिन्याला आठ ते बारा टक्के माल नापास होत असेल आणि तो आकडा स्थिर असेल, तर चार्टचा निरोप असा की हे नुकसान कोणा एकाच्या हलगर्जीपणाचं नाही, ते कच्चा माल, यंत्रं, प्रशिक्षण, कामाची आखणी या सगळ्यांतून मिळून घडत आहे. आणि या गोष्टी बदलण्याचा अधिकार कामगाराकडे नसतो. शूहार्टचा विचार पुढे नेणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचा आयुष्याच्या उत्तरार्धातला अंदाज होता की ९४ टक्के अडचणी व्यवस्थेच्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या जबाबदारीच्या असतात. तो त्यांचा अनुभवाधारित अंदाज होता, मोजणी नव्हे, आणि तो शब्दशः घेऊ नये. मात्र त्याची दिशा चार्टच्या तर्कातूनच निघते. या महिन्याच्या बाराबद्दल खुलासा मागणं सोपं आहे. दहाची सरासरी पाचवर आणण्यासाठी पुरवठादार बदलणं, यंत्रावर पैसा घालणं, शिकवणं हे जड काम आहे. चार्ट साहेबाला सोप्या कामापासून अडवतो आणि जड काम त्याच्या पुढ्यात ठेवतो.

या साधनाचा पुढचा प्रवास पाहिला तर हीच बाजू कुठे सांडली आणि कुठे टिकली ते दिसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत युद्धसामग्रीच्या उत्पादनासाठी कंट्रोल चार्टची राष्ट्रीय मानकं निघाली आणि अभियंते व तपासनिसांना त्याचं मोठ्या प्रमाणावर शिक्षण दिलं गेलं. युद्ध संपलं तशी तिथली ही लाट ओसरली. डेमिंग यांनी त्याचं कारण सांगितलं ते असं, की शिकवलं ते खालच्या लोकांना. निर्णय घेणारे वर्गात आलेच नाहीत. १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेने त्यांना व्याख्यानांसाठी बोलावलं तेव्हा त्यांनी कंपन्यांच्या प्रमुखांची भेट हवी असा आग्रह धरला, आणि संघटनेचे अध्यक्ष इचिरो इशिकावा यांनी ती घडवून आणली. दुसऱ्याच वर्षी तिथे गुणवत्तेसाठीचं डेमिंग पारितोषिक सुरू झालं. आपल्याकडे शूहार्ट स्वतः येऊन गेला होता, १९४७-४८ साली, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेमुळे; देशातल्या सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रणाच्या चळवळीला त्याने चालना मिळाली. तरीही भारतीय कंपनीच्या हाती डेमिंग पारितोषिक पडायला १९९८ उजाडलं. २००३ मध्ये ते महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला मिळालं, ज्याचे कारखाने कांदिवली आणि नागपुरात आहेत. मूळ पुरुष डेमिंग यांच्या जपानमधल्या व्याख्यानांच्या आधीच इथे येऊनही आपण मागे राहिलो याचं खापर फक्त चार्टच्या वापरावर फोडता येणार नाही. परवाना पद्धत आणि स्पर्धेचा अभाव यांचा वाटा मोठा होता. जो माल बनेल तो खपणारच असेल, तर दोन चुकांचा हिशेब मांडण्याची गरज कोणाला भासणार?

दुसरा आक्षेप मर्यादेचा आहे आणि तो मला मान्य आहे. कारखाना कुठे काढावा, कोणती कंपनी विकत घ्यावी, अशा एकदाच करायच्या निर्णयांना चार्ट काही सांगत नाही. त्याला पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट लागते. बाजारच पालटला तर जुन्या रेघा शिळ्या होतात आणि नव्याने काढाव्या लागतात. शिवाय प्रक्रिया हळूहळू घसरत असेल तर तीन विचलनांची रेघ ओलांडायला तिला वेळ लागतो. हे ओळखून वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या हस्तपुस्तिकेत आणखी नियम घातले गेले, उदाहरणार्थ, सलग आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले तर कारण शोधायला लागावं. १९५४ मध्ये ई. एस. पेज यांनी सुचवलेली पद्धत तर छोटे फरक साठवत जाऊन ते लवकर पकडते. रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंसारख्या आकड्यांना तीनची रेघ लावून थांबणं परवडणार नाही, असं कोणी म्हणालं तर ते शूहार्टच्या विरोधात जात नाही. तिथे उशीर करण्याची किंमत फार मोठी आणि खोट्या हाकाटीची त्यामानाने लहान, म्हणून रेघ आत घ्यावी; मात्र किती आत, हे त्या दोन किमती कागदावर मांडूनच ठरवावं लागेल, आणि ते ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने ते आकडे यायच्या आधी ठरवायला हवं.