भांगाची भरती

कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला विचारा, अष्टमीला समुद्र भांगावर असतो. भरती धड भरत नाही, ओहोटी धड उतरत नाही. २० नोव्हेंबर १९४३ ही तारीख कार्तिक वद्य अष्टमीच्या आगेमागेची. त्यात चंद्र पृथ्वीपासून लांब, म्हणजे पाण्याला आणखीच मरगळ. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या ताब्यातल्या, पॅसिफिकमधल्या टारावाच्या बेटिओ बेटावर अमेरिकी मरीन उतरवायला नेमका हाच मुहूर्त धरला होता. गिल्बर्ट बेटांवर पंधरा वर्षं काढलेले न्यूझीलंडचे मेजर फ्रँक हॉलंड बजावून सांगत होते, बेटाभोवतीच्या प्रवाळ-खडकावर तीन फूटही पाणी मिळणार नाही. होड्यांना साडेतीन-चार फूट लागतं. मरीनांचे सेनापती जनरल ज्युलियन स्मिथनी ते कानाआड केलं नाही. वेळ आली तर चालत जायची तयारी ठेवा, असं त्यांनी सैनिकांना सांगून ठेवलं. मोहीम मात्र पुढे ढकलली गेली नाही.

२० नोव्हेंबर, पहाटे ५.०७. बेटावरच्या जपानी तोफा धडधडल्या. युद्धनौकांनी उत्तर दिलं. ५.४२ ला विमानांसाठी नौकांचा मारा थांबवला, तर विमानं येईपर्यंत सव्वासहा वाजले. तेवढा वेळ जपान्यांना मोकळा. ‘मेरीलँड’ या ध्वजनौकेचे रेडिओ तर तिच्याच तोफांच्या हादऱ्यानं बिघडले.

सकाळी ८.२४. साखळीपट्ट्यांच्या जलगाड्या किनाऱ्याकडे निघाल्या. या गाड्या खडकावरून सरपटत जाऊ शकत, पण होत्या जेमतेम सव्वाशे. पहिल्या तीन लाटांपुरत्या. मागच्यांच्या नशिबी होड्या.

त्या मागच्यांत फर्स्ट लेफ्टनंट अलेक्झांडर बॉनीमन होता. घरचे त्याला सँडी म्हणत. वय ३३, तीन मुलींचा बाप, न्यू मेक्सिकोत तांब्याची खाण. तांबं युद्धाला लागतंच. घरी राहिला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं. तरी १९४२ साली साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि ग्वाडलकॅनॉलच्या लढाईनंतर तिथंच अधिकारी झाला. इथलं त्याचं काम किनाऱ्यावर माल उतरवून घेण्याचं. बंकर फोडायचं नव्हे.

९.१०. पहिल्या गाड्या वाळूला लागल्या. नौकांचा मारा थांबून पंधरा मिनिटं झाली होती. जपानी परत मशीनगनवर आले होते. मागून आलेल्या होड्या खडकावर घासून थांबल्या. किनारा अजून पाचशे यार्ड. माणसं छातीभर, कमरेभर पाण्यात उतरली, रायफल डोक्यावर धरून. या दिवसाचा सगळा हिशेब त्या पाचशे यार्डांत आहे.

दिवसभर. लांबलचक धक्क्याच्या समुद्राकडच्या टोकाला माणसं खिळून पडली होती. बॉनीमननं कोणी न सांगता त्यांना गोळा केलं आणि उघड्या धक्क्यावरून किनाऱ्यावर नेलं. मग ज्वालाफेकी यंत्रं आणि सुरुंग मिळवले, माल वाहणाऱ्या गड्यांनाच सुरुंगवाले बनवलं. दुपारी १.३१ ला राखीव फौज मागताना स्मिथनी वरिष्ठांना कळवलं की, निकाल सांगता येत नाही. रात्रीपर्यंत उतरलेल्या पाच हजारांपैकी दीड हजार मेले किंवा जखमी झाले होते.

२१ नोव्हेंबर. त्याही सकाळी मदतीला आलेले मरीन पाण्यातच कापले गेले. दुपारी भरती एकदाची चढली.

२२ नोव्हेंबर, सकाळी ७. बॉनीमन ज्यांच्याबरोबर होता त्या मेजर क्रो यांच्या तुकडीपुढे तीन ठाणी: पोलादी खोली, माडाच्या ओंडक्यांचा मोर्चा, आणि त्यांच्यामागे वाळूनं झाकलेला भला थोरला बंकर. लांबून ती वाळूची टेकडीच वाटे.

९.३०. उखळी तोफेचा गोळा ओंडक्यांच्या मोर्चावर पडला आणि आतला दारूगोळा उडाला. ‘कोलोरॅडो’ नावाच्या रणगाड्यानं पोलादी खोली फोडली. टेकडी उरली.

त्यानंतर. आपल्या रांगेपुढे चाळीस यार्ड सरपटत जाऊन बॉनीमननं सुरुंग लावले, दारूगोळा घ्यायला मागे आला, पुन्हा गेला. माणसं वाळूच्या उतारावर चढली. त्या चढाईचं छायाचित्र आहे: वाळूला चिकटलेली वाकलेली पाठ, मागे आणखी पाठी. दोन्ही दारांत सुरुंग फुटले, शंभरावर जपानी बाहेर धावले आणि तिथंच टिपले गेले. उरलेल्यांनी टेकडीवर उलट हल्ला चढवला. बॉनीमन कडेला उभा राहिला. तिघांना मारलं, मग स्वतः पडला.

२३ नोव्हेंबर, दुपार. बेट ताब्यात. ७६ तास, हजाराच्या घरात अमेरिकी मृत. जपानी सैनिक कैद झाले फक्त १७.

मृतांना घाईनं चरांत पुरलं. नंतर मागे राहिलेल्या फौजेनं बेट नीटनेटकं करायला घेतलं, जमीन सपाट केली, आखीवरेखीव रांगांत क्रूस रोवले. खाली माणूस आहे की नाही, हे बघायचं राहूनच गेलं. १९४६ मध्ये शोधायला आलेल्यांना निम्म्यांच्या आसपासच सापडले. त्यांत बॉनीमन नव्हता. १९४७ मध्ये मेडल ऑफ ऑनर त्याच्या बारा वर्षांच्या मुलीच्या हाती दिलं गेलं, आणि १९४९ मध्ये उरलेल्यांचा शोध लागणार नाही असा शेरा पडला.

२०१५ साली हिस्ट्री फ्लाइट या संस्थेच्या लोकांनी ‘सेमेटरी २७’ हुडकून काढली. एका कवटीवरची माती झटकली तेव्हा दातांत सोनं दिसलं. नातू तिथं उभा होता. सप्टेंबरमध्ये बॉनीमनला नॉक्सव्हिलला आणून आईवडिलांशेजारी पुरलं.