गव्हाची मागणी आणि मातीचा ऱ्हास : अमेरिकेतील ‘डस्ट बोल’चा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :
जमिनीच्या ऱ्हासाचे खापर बहुधा अवर्षणावर फोडले जाते. अमेरिकेच्या दक्षिण मैदानी प्रदेशात १९३० च्या दशकात उठलेल्या धुळीच्या वादळांचा इतिहास मात्र वेगळे कारण पुढे आणतो. जगाला धान्य पुरविण्याच्या घाईत धान्य पिकविणारी मातीच कशी गमावली जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कुरणांचा नाश :
कान्सास, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो व न्यू मेक्सिको यांच्या सीमाभागात पाऊस बेताचा आणि वारे जोराचे. येथील माती आखूड गवताच्या दाट मुळांनी धरून ठेवली होती. १९०९ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यातील मृदा विभागाने माती ही न संपणारी संपत्ती असल्याचे प्रतिपादन केले होते. १९१४ मध्ये दार्दानेल्स सामुद्रधुनी बंद झाल्याने रशियाच्या गव्हाचा पश्चिम युरोपकडे जाणारा मुख्य मार्ग खुंटला. १९१७ च्या कायद्याने अमेरिकी शासनाने गव्हाला किमान भावाची हमी दिली आणि कुरणे नांगराखाली आली. युद्धोत्तर काळात भाव कोसळले. तेव्हा कर्ज फेडण्यासाठी शेतकऱ्यांनी आणखी जमीन नांगरली. १९३१ मध्ये पीक भरघोस आले, परंतु भावातून खर्चही निघेना. पाठोपाठ अवर्षण आले आणि उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ हा दिवस ‘काळा रविवार’ म्हणून इतिहासात नोंदला गेला.

उपाय व मर्यादा :
ह्यू बेनेट यांच्या पाठपुराव्याने २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारण कायदा संमत झाला. समपातळी नांगरट, पट्टापेर, वृक्षांचे वारारोधक पट्टे व गवताची पुनर्लागवड यांमुळे धूप घटली. तथापि दुसऱ्या महायुद्धानंतर याच प्रदेशात ओगलाला भूजलसाठ्यातून मोठ्या प्रमाणावर उपसा सुरू झाला. दक्षिण भागात या साठ्याचे पुनर्भरण अत्यल्प असल्याने पाण्याची पातळी खोल गेली. एक ठेव वाचविताना दुसरी खर्ची पडू लागली.

समारोप :
हमीभावाच्या काळात जमीन नांगरणारा शेतकरी अविचारी नव्हता. बाजारभावात मातीच्या झिजेची किंमतच धरलेली नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे आंतरराष्ट्रीय मृदा वर्ष म्हणून पाळले. अन्नसुरक्षेचा विचार केवळ उत्पादनाच्या आकड्यांवर थांबला, तर हीच चूक पुन्हा घडेल. किती पिकले, यासोबत पिकविताना किती माती व पाणी गेले, याचाही हिशेब राष्ट्रांनी ठेवला पाहिजे.